ईस्पोर्ट्स स्पर्धांमधून सरकारांना नेमके काय मिळते?

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील गेमिंग क्लबच्या विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सौदी अरेबियासारखी सरकारे ईस्पोर्ट्सवर, म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धांवर, एवढा पैसा का ओततात, त्यामुळे देशाची प्रतिमा खरोखर सुधारते का, आणि उद्या आपल्यापैकी कोणाला रियाधचे बोलावणे आले तर त्याकडे कसे पाहावे? मी नाशिकमध्येच राहून स्पर्धा आयोजनाचे काम करतो. कॉलेज रोडवरच्या गेमिंग कॅफेतील छोट्या स्पर्धांपासून मुंबई-पुण्याच्या आयोजकांसाठी प्रसारणाची बाजू सांभाळण्यापर्यंत या व्यवसायाची बरीच अंगे जवळून पाहिल्यामुळे, पैसा कोणाकडून निघतो आणि कोणापर्यंत पोहोचतो या अंगानेच मी उत्तर देणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. स्पर्धा पाहून प्रेक्षकांचे त्या सरकारविषयीचे मत फारसे बदलत नाही. मात्र ज्यांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो त्या समालोचक, खेळाडू, संघमालक आणि गेम कंपन्यांना त्या सरकारविषयी बोलणे हळूहळू परवडेनासे होते, आणि या खर्चाचे खरे मोल तिथे वसूल होते.

सौदीच्या प्रतिमेवर कोणते डाग होते हे आधी नोंदवायला हवे, कारण आज स्पर्धा पाहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ते आठवण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी पत्रकार जमाल खशोग्जी यांची इस्तंबूलमधील सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली. मार्च २०२२मध्ये एकाच दिवशी ८१ जणांना देहदंड दिल्याचे सौदी सरकारनेच जाहीर केले. निओम या नव्या महानगर प्रकल्पासाठी हुवैतात जमातीच्या लोकांना त्यांच्या गावांतून हटवले जात असताना, जागा सोडण्यास नकार देणारे अब्दुल रहीम अल-हुवैती एप्रिल २०२०मध्ये सुरक्षा दलांच्या गोळीबारात मारले गेले. याच काळात सौदी सरकारचा सार्वजनिक गुंतवणूक निधी फुटबॉल, गोल्फ, मुष्टियुद्ध आणि मोटारशर्यतींमध्ये उतरला, आणि या साऱ्याला ‘स्पोर्ट्सवॉशिंग’, म्हणजे खेळांच्या झगमगाटात बदनामी धुऊन काढणे, म्हटले जाऊ लागले. ईस्पोर्ट्स ही त्याच मालिकेतील एक कडी आहे असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण ईस्पोर्ट्सची रचना इतर खेळांपेक्षा मुळातच वेगळी आहे.

क्रिकेट कोणाच्या मालकीचे नाही. मंडळे आहेत, नियामक संस्था आहेत, त्यांचे राजकारणही आहे, पण गंगापूर रोडवरच्या मैदानात स्पर्धा भरवायला कोणाचा परवाना लागत नाही. व्हिडिओ गेम मात्र प्रकाशक कंपनीची मालमत्ता असतो. ती कंपनी परवाना देईल तरच स्पर्धा होते, आणि उद्या तिने गेमचे सर्व्हर बंद केले तर तो खेळच संपतो. त्यामुळे फुटबॉलमध्ये एखाद्या सरकारला क्लब, लीग, खंडीय संघटना आणि फिफा अशी अनेक दारे ठोठावावी लागतात. ईस्पोर्ट्समध्ये मोजक्या कंपन्यांशी करार झाले की अख्खे क्षेत्र हाताशी येते. प्रकाशक कंपनीचे समभाग विकत घेतले, किंवा कंपनीच विकत घेतली, तर परवान्याचाही प्रश्न उरत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम प्रकाशक कंपनी ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा जो व्यवहार जाहीर झाला, त्यातील खरेदीदारांत सौदी निधी होता, हे या दृष्टीने पाहावे.

दुसरी गोष्ट या व्यवसायात काम करणाऱ्यांना ठाऊक असते, प्रेक्षकांना सहसा नसते. ईस्पोर्ट्स हा लोकप्रिय पण तोट्यातला व्यवसाय आहे. सामने यूट्यूब आणि ट्विचवर फुकट दिसतात, त्यामुळे प्रसारण हक्कांतून क्रिकेटसारखा पैसा येत नाही. तिकीटविक्री मोजक्या शहरांत चालते. गेममधील वस्तूंच्या विक्रीचा पैसा मुख्यतः प्रकाशकाकडे जातो. आयोजक आणि संघ यांच्या वाट्याला प्रायोजक उरतात, आणि मंदीची चाहूल लागली की प्रायोजक आधी जाहिरातीचा खर्च कापतात. २०२२-२३मध्ये नेमके हेच झाले आणि जगभरातील संघांनी माणसे कमी केली. असा व्यवसाय ज्याला विकत घ्यायचा आहे त्याला फार घासाघीस करावी लागत नाही.

जानेवारी २०२२मध्ये सौदी निधीच्या मालकीच्या सॅव्ही गेम्स ग्रुपने ईएसएल आणि फेसइट या दोन कंपन्या मिळून सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेण्याचा व्यवहार जाहीर केला. ईएसएल ही जगातील सर्वांत जुन्या आणि मोठ्या स्पर्धा-आयोजकांपैकी एक, तर फेसइट हा हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंचा ऑनलाइन सामने खेळण्याचा मंच. म्हणजे काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमच्या जगात नवखा खेळाडू जिथे सराव करतो तिथपासून जागतिक विजेता जिथे चषक उचलतो तिथपर्यंतचा मोठा भाग एका सरकारी निधीच्या छत्राखाली आला. त्या सॅव्ही समूहाचे अध्यक्षपद खुद्द युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्याकडे आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर, ईएसएलने रशियन सरकारशी संबंध असलेल्या संघटनांना आपल्या स्पर्धांमधून वगळले आणि त्यांच्या खेळाडूंना तटस्थ नावाने खेळण्याची मुभा दिली. व्हर्टस प्रो या रशियन संघाचे खेळाडू ‘आउटसायडर्स’ या नावाने उतरले आणि त्या वर्षअखेरीस काउंटर-स्ट्राइकची रिओमधील मेजर ही प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकले. तो निर्णय योग्य होता की नाही हा वेगळा वाद आहे. पण सरकारशी संबंध असल्याच्या कारणावरून संघ वगळणारी संस्था स्वतः दुसऱ्या एका सरकारच्या मालकीची होण्याच्या वाटेवर होती, आणि ही विसंगती स्पर्धेच्या मंचावरून कोणी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही.

आता ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपकडे येऊ. २०२२ आणि २०२३मध्ये रियाधमध्ये ‘गेमर्स८’ नावाचा महोत्सव झाला आणि २०२४पासून त्याचे रूपांतर या विश्वचषकात झाले. पहिल्या वर्षी एकूण बक्षिसे ६ कोटी डॉलरहून अधिक होती, २०२५मध्ये ७ कोटी डॉलरहून अधिक. या आकड्यांचे वजन समजण्यासाठी डोटा २ची तुलना पुरेशी आहे. त्या खेळाची प्रतिष्ठेची जागतिक स्पर्धा ‘दि इंटरनॅशनल’. २०२१मध्ये तिचे बक्षीस ४ कोटी डॉलर होते आणि त्यातील मोठा वाटा चाहत्यांच्या खरेदीतून जमला होता. २०२३मध्ये प्रकाशकाने ती पद्धत बदलली आणि बक्षीस सुमारे ३० लाख डॉलरवर आले. त्याच वर्षी रियाध मास्टर्स या सौदीतील डोटा २ स्पर्धेचे बक्षीस दीड कोटी डॉलर होते. खेळाडूने वर्षाचे नियोजन कोणत्या स्पर्धेभोवती करायचे, हे त्या वर्षी चाहत्यांच्या खिशाऐवजी एका सरकारी निधीने ठरवले.

बक्षिसांपेक्षाही महत्त्वाची मला क्लबना मदत देण्याची योजना वाटते, आणि बातम्यांमध्ये तिची चर्चा सर्वांत कमी होते. २०२४मध्ये ३० संघांना आणि २०२५मध्ये ४० संघांना विश्वचषक प्रतिष्ठानाकडून थेट आर्थिक साहाय्य मिळाले. २०२५च्या योजनेची रक्कम २ कोटी डॉलर होती. भारतातील एस८यूएल ही संस्थाही त्या यादीत होती. साहाय्याच्या बदल्यात संघांनी नव्या खेळांत उतरावे आणि आपल्या चाहत्यांमध्ये स्पर्धेविषयी उत्साह निर्माण करावा अशी अपेक्षा असते. याचा अर्थ असा की प्रचाराचे काम सौदी पर्यटन मंडळाने करायचे नसून ब्राझील, कोरिया, फ्रान्स, भारत इथल्या संघांनी आपापल्या भाषेत, आपापल्या चाहत्यांसमोर करायचे. सरकारने आपल्याविषयी चांगले सांगितले तर लोक हसतात. लाडक्या संघाच्या खेळाडूने रियाधच्या हॉटेलातून मजेशीर चित्रफीत टाकली तर ती लोक मित्रांना पाठवतात. आणि ज्या संघाचे वर्षाचे अंदाजपत्रक या साहाय्यावर टेकलेले आहे, त्या संघाचा व्यवस्थापक खशोग्जींविषयीच्या प्रश्नावर काय उत्तर देईल, हे विचारायचीही गरज नाही. त्याला गप्प राहा असे कोणी सांगत नाही, तशी वेळच येत नाही.

२०२५मध्ये विश्वचषकात बुद्धिबळाचा समावेश झाला, तो मला फार विचारपूर्वक टाकलेला डाव वाटतो. डोटा किंवा एपेक्स लेजेंड्स म्हणजे काय हे आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगावे लागते. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशिकमध्ये बुद्धिबळ समजावून सांगावे लागत नाही. मॅग्नस कार्लसनने टीम लिक्विड या ईस्पोर्ट्स संघाच्या वतीने खेळून ती स्पर्धा जिंकली, भारताचा अर्जुन एरिगैसी चौथा आला, आणि ज्या वर्तमानपत्रांत ईस्पोर्ट्सची बातमी कधी छापून येत नाही त्यांच्या क्रीडा पानांवर रियाधचे नाव झळकले. देशाचे नाव दूतावासातील हत्येच्या बातमीत येण्याऐवजी बुद्धिबळाच्या निकालात येणे, एवढेच अनेकदा हवे असते.

आयोजकांच्या आकड्यांविषयी मात्र सावध राहावे. २०२४च्या विश्वचषकाला ऑनलाइन सुमारे ५० कोटी प्रेक्षक लाभल्याचे आयोजकांनी जाहीर केले. प्रसारणाच्या कामात असणाऱ्या कोणालाही विचारा, अशा आकड्यात एकच माणूस किती वेळा मोजला गेला हा पहिला प्रश्न असतो. वीसहून अधिक खेळ, आठ आठवडे, अनेक भाषांतील प्रसारण आणि शेकडो स्ट्रीमर्सनी आपापल्या वाहिनीवर दाखवलेले सामने, हे सगळे एकत्र केले की बेरीज फुगते. एका वेळी सरासरी किती लोक पाहत होते हा आकडा अधिक प्रामाणिक असतो, आणि तो सहसा ठळक अक्षरांत येत नाही. खोटेपणाचा आरोप मी करत नाही. आमच्याकडच्या छोट्या स्पर्धांचे अहवालही प्रायोजकाला देताना असेच सजवले जातात. पण पाहिले म्हणजे मत बदलले असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

मग बदलले काय, हे पाहायचे असेल तर दोन घटना शेजारी ठेवाव्यात. जुलै २०२०मध्ये रायट गेम्स या प्रकाशक कंपनीने लीग ऑफ लेजेंड्स या आपल्या गेमच्या युरोपीय लीगसाठी निओमशी प्रायोजकत्वाचा करार जाहीर केला. त्याच संध्याकाळी त्या लीगच्या समालोचकांनी आणि कर्मचाऱ्यांनी उघडपणे विरोध केला, काहींनी काम थांबवण्याची भाषा केली, आणि एका दिवसाच्या आत कंपनीने करार मागे घेतला. २०२४मध्ये त्याच कंपनीचा तोच खेळ रियाधच्या विश्वचषकात खेळला गेला, कोरियाच्या टी१ संघाने फेकर या खेळाडूच्या नेतृत्वाखाली तो जिंकला, आणि विरोध झाला तरी करार मोडण्याइतका झाला नाही. चार वर्षांत सौदीतील राज्यव्यवस्था फार बदलली असे म्हणता येत नाही. मधल्या काळात बदलली ती नोकरीची बाजारपेठ. २०२०मध्ये रायटच्या समालोचकाला काम सोडले तर दुसरीकडे काम मिळण्याची आशा होती. २०२४मध्ये उरलेल्या मोठ्या स्पर्धांपैकी कित्येक त्याच निधीच्या कंपन्यांच्या होत्या.

मे २०२५मध्ये याच्या उलट एक घटना घडली आणि ती माझ्या म्हणण्याला बळकटी देते असे मला वाटते. जिओगेसर या खेळात रस्त्यावरचे छायाचित्र पाहून जगातील ठिकाण ओळखायचे असते, आणि त्यातील लोकप्रिय नकाशे चाहते स्वतः तयार करतात. कंपनीने विश्वचषकात सहभागी होण्याचे ठरवताच अनेक नकाशाकारांनी आपले नकाशे खेळता येणार नाहीत असे करून ठेवले. कंपनीने काही दिवसांतच माघार घेतली. हे नकाशाकार कोणाचे पगारदार नव्हते, त्यांना कोणाचे साहाय्य मिळत नव्हते, आणि त्यांच्याशिवाय खेळ चालत नव्हता. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला गट ईस्पोर्ट्समध्ये जवळजवळ कुठेच उरलेला नाही, म्हणून हे उदाहरण एकटे पडते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, आणि ती दुबळी नाही. सौदीच्या २०२२च्या गेमिंग धोरणात २०३०पर्यंत ३९,००० रोजगार आणि राष्ट्रीय उत्पन्नात ५० अब्ज रियालची भर अशी उद्दिष्टे आहेत. तेलावरचे अवलंबित्व कमी करणे ही त्यांची खरी निकड आहे. २०२२च्या जनगणनेनुसार सौदी नागरिकांपैकी ६३ टक्के तिशीच्या आतले आहेत, आणि या तरुणांना घरापाशी मनोरंजन आणि काम हवे आहे. २०२३मध्ये एका अमेरिकी वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत युवराजांनी, स्पोर्ट्सवॉशिंगमुळे देशाचे उत्पन्न एक टक्क्याने वाढत असेल तर आपण ते करत राहू, अशा अर्थाचे उत्तर दिले. टीकेची पर्वा नसल्याचा आव त्यात असला, तरी उत्तर अगदीच खोटे नाही. आपल्याकडे खेळांना राजाश्रयाची परंपरा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२मध्ये पूर्ण केलेले खासबाग कुस्ती मैदान आजही उभे आहे. राजाने खेळावर खर्च केला म्हणजे पापे धुतली, असा नियम कोणी करू नये. फरक कुठे पडतो ते मला असे दिसते: खासबागेत कुस्ती वाढली, पण कुस्तीचे सगळे आखाडे, सगळे वस्ताद आणि कुस्तीविषयी बोलणारे सगळे लोक कोल्हापूर दरबाराचे मिंधे झाले नाहीत.

इतर सरकारांची उदाहरणे थोडक्यात. फेब्रुवारी २०२४मध्ये रशियाने कझान येथे ‘गेम्स ऑफ द फ्युचर’ भरवले, त्याचे उद्घाटन पुतिन यांनी केले. ऑलिंपिक चळवळीने दारे लावून घेतली असताना परदेशी खेळाडूंना आपल्या मंचावर आणून दाखवणे हा त्यातील उघड हेतू होता, आणि एक कोटी डॉलरच्या बक्षिसांमुळे खेळाडू आलेही. पोलंडमधील कातोवित्सेचे उदाहरण याच्या अगदी वेगळे आहे. कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराने २०१३पासून ईएसएलची इंटेल एक्स्ट्रीम मास्टर्स ही स्पर्धा भरवून आपली ओळख पालटली. २०१७मध्ये तिथे १ लाख ७० हजारांहून अधिक लोक आले. इथे लपवायचे काही नव्हते, फक्त काळवंडलेले नाव उजळायचे होते. गंमत अशी की २०२६पासून ही स्पर्धा क्राकूफला गेली. मालकी आयोजकाची असेल तर शहराने उभारलेली ओळखही त्याच्या करारावर अवलंबून राहते, आणि सौदीने स्पर्धेच्या यजमानपदावर न थांबता आयोजकच का विकत घेतला याचे उत्तर यातून मिळते.

पैशाने सगळेच मिळते असेही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै २०२४मध्ये सौदी ऑलिंपिक समितीशी ईस्पोर्ट्स ऑलिंपिकसाठी १२ वर्षांचा करार केला, पहिली स्पर्धा २०२५वरून २०२७वर ढकलली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये करारच संपवला.

आपल्या सरकारकडे येताना मोजमाप बदलू नये, असे मला वाटते. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता देऊन ते क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. एप्रिल २०२४मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, पंतप्रधानांनी मिथिलेश पाटणकर, नमन माथूर, पायल धारे अशा लोकप्रिय गेमर्सची भेट घेतली. मे २०२५मध्ये मुंबईत झालेल्या वेव्हज या केंद्राच्या मनोरंजन-उद्योग परिषदेत ईस्पोर्ट्सला स्थान होते, आणि ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ईस्पोर्ट्सला वेगळे, अधिकृत स्थान दिले. यात प्रतिमेचा भाग आहे, पण तो मुख्यतः देशातील तरुण मतदारासाठी आहे. परदेशी आयोजक विकत घेण्याइतका पैसा आपले सरकार या क्षेत्रात घालत नाही. उलट आपल्या खेळाडूंना सरकारी इच्छेची ओळख बंदीतून झाली आहे: २०२०मध्ये पब्जी मोबाइल गेले, २०२२मध्ये फ्री फायर गेले, त्याच वर्षी पब्जी मोबाइलची भारतीय आवृत्ती बीजीएमआय गायब होऊन २०२३मध्ये परत आले. या अनुभवामुळे आपल्याकडचे संघ बाहेरच्या सरकारी पैशाकडे स्थैर्य म्हणून पाहतात, आणि त्यांना त्यासाठी दोष देणे मला जमत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. बीजीएमआयच्या मूळ खेळाचा, म्हणजे पब्जी मोबाइलचा, विश्वचषक २०२४ आणि २०२५मध्ये रियाधमध्ये भरला, त्यामुळे नाशिकच्या एखाद्या संघाला बोलावणे येणे अशक्य कोटीतले नाही. जावे की न जावे हे ज्याने त्याने ठरवावे. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या मुलाला आयुष्यातील एकमेव मोठी संधी नाकार असे सांगण्याचा अधिकार मला नाही, विशेषतः मोठमोठ्या कंपन्या नफ्यासाठी तिथे गेलेल्या असताना. मात्र सही करण्यापूर्वी करार संपूर्ण वाचावा आणि कोणाकडून तरी तपासून घ्यावा. त्यात आयोजक, प्रायोजक किंवा यजमान देश यांच्या प्रतिमेला बाधा येईल असे विधान न करण्याचे कलम आहे का, ते स्पर्धेपुरते आहे की नंतरही लागू राहते, समाजमाध्यमांवर किती आणि कोणता मजकूर टाकण्याचे बंधन आहे, तो मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो का, आणि बक्षीस खेळाडूच्या खात्यात येणार की संघाच्या, किती दिवसांत, हे पाहावे. प्रतिमेचे कलम बहुधा संघाच्या आणि आयोजकाच्या करारात असते आणि खेळाडूला त्याची प्रत दाखवलीही जात नाही, ती मागावी. स्पर्धेत खेळण्याचा करार आणि प्रचाराचा करार वेगवेगळे करून देण्याची मागणी संघाकडे करता येते. नवख्या संघांना ती बहुतेक वेळा नाकारली जाते, पण नकार लेखी घेतला की आपण खेळण्याचे पैसे घेत आहोत की बोलण्याचे, हे निदान स्वतःला स्पष्ट राहते.